मालूताई आणि फुटका ‘धा’

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं, तर मी नेरच्या मालूताईंचं नाव सांगीन. आणि त्या कशा होत्या असं विचारलं, तर आधी त्यांची ‘छी’ आठवेल. दूध नासलंय हे घोट तोंडात गेल्यावर कळावं, तसा चेहरा करून त्या ‘छी’ म्हणत. आवाज मोठा नसे. पण पुढच्या खोलीत पाच टाइपरायटर खडखडत असले आणि मागच्या खोलीत तबल्याच्या तीन जोड्या वाजत असल्या, तरी ती छी ज्याच्यासाठी असे त्याला बरोबर ऐकू जाई. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे छीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, “म्हणा, म्हणा. पण लयीत तरी म्हणा.”

मालूताई कारकुनांच्या घरातल्या. वडील तहसिलात, भाऊ कोर्टात. त्यांनी लग्न केलं नाही. बाजाराच्या रस्त्यावरच्या घरात पुढे टायपिंगचा वर्ग चालवायच्या, मागे तबल्याचा. तबला वडिलांकडून शिकलेल्या. बाई माणसानं तबल्यावर बसावं यावर गावानं पूर्वी तोंडं वाकडी केली होती, मग सवय झाली. त्यांच्या लेखी दोन्ही खोल्यांत एकच विषय चाले. “तिकडं दहा बोटं, इकडं दहा बोटं, आणि डोकं एक,” असं म्हणायच्या.

मी बंजारा तांड्यावरचा. पाचवीपासून नेरच्या वसतिगृहात होतो. वर्गात बाक वाजवायचो म्हणून गुरुजींनी मला बखोटीला धरून मालूताईंकडे नेलं. म्हणाले, “ताई, याचे हात काही गप बसत नाही. मारून पाहिलं. आता तुम्हीच पाहा.” मालूताईंनी आधी गुरुजींकडेच पाहून छी केलं. “मारलं कोणत्या हातावर?” त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, “डाव्या. डाव्यानंच जास्त वाजवते न तो.” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या माणसांचीही किळस करता येते.

पहिला धडा ‘धा’चा. जे तबला शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्या हाताचा ‘घे’ एकाच क्षणी पडले की ‘धा’ होतो. केसभर जरी मागेपुढे झालं, तरी दोन वेगळे आवाज ऐकू येतात. मालूताई त्याला ‘फुटका धा’ म्हणत आणि फुटका धा त्यांना सडक्या अंड्यासारखा वाटे. “दोघं दारातून बरोबर आत आले पाहिजेत. एक पुढं अन् एक मागं, हे चोरांचं काम.”

माझा धा फुटला नाही. पण दर धा वाजवून झाला की माझे दोन्ही हात आपोआप पोटाशी यायचे, मग परत तबल्याकडे जायचे. चार-पाच वेळा पाहून त्यांनी थांबवलं.

“काय रे, कापूस वेचून राह्यला काय?”

बाकीची पोरं खो खो हसली. सगळी गावातल्या नोकरदारांची. मला वाटलं, तांड्यावरून टोमणा मारला. मीही फणकाऱ्यानं म्हटलं, “हो. दिवाळीपासून वेचूनच राह्यलो.”

“दोन्ही हातानं?”

“मंग? माही याडी म्हणते, एका हातानं वेचणारा अर्धा माणूस.”

याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. मालूताई हसल्या नाहीत. त्यांनी माझा डावा हात घेतला, उलटा केला, एकेक बोट ओढून पाहिलं. मग त्यांची छी आली ती हसणाऱ्यांसाठी. “आपले डावे हात पाहा. डबा धरायला अन् धुवायला ठेवले आहेत नुसते. छी! हा लहानपणापासून रियाज करून राह्यला आणि याला कुणी सांगितलंही नाही.”

पुढच्या रविवारी त्यांनी जे केलं ते नेरमध्ये पुष्कळ दिवस बोललं गेलं. वर्गातल्या सातही मुलांना घेऊन त्या एस.टी.नं आमच्या तांड्यावर आल्या. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मांडी घालून बसल्या आणि मुलांना याडीचे हात पाहायला लावले. याडीच्या कमरेला लुगड्याची ओटी बांधलेली. उजवा हात एका बोंडातला कापूस ओढतोय तोवर डावा ओटीत मोकळा होऊन दुसऱ्या बोंडाकडे निघालेला. डोळे तिसऱ्याच झाडावर.

“थांबला का एक तरी हात?” मालूताईंनी विचारलं.

याडी लाजून मागे फिरली. “बाई, अशा नका पाहू वं. मले वेचनंच सुधरून नाही राह्यलं.”

“तुम्ही वेचा. यांना शिकू द्या. मला पण.”

मग सातही जणांना पऱ्हाटीत सोडलं. तोंडानं बोल म्हणायचे आणि दोन्ही हातांनी वेचायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. नोंदणी कार्यालयातल्या बाबूंचा नंदू, सगळ्यांत लहान, तासाभरात रडकुंडीला आला. “ताई, माझा डावा ऐकतच नाही!” मालूताई म्हणाल्या, “ऐकेल कसा? जन्मापासून त्याला कुणी काही विचारलं आहे का?”

दुसऱ्या दिवशी नंदूचे वडील वर्गात आले. “ताई, पोरगा तबला शिकाले पाठोला होता. तुम्ही त्याले मजुरीले लावलं काय? लोक काय म्हनतीन?” नंदूच्या बोटांवरचे ओरखडे त्यांनी सगळ्यांना दाखवले. मालूताईंनी ते नीट पाहिले. मग म्हणाल्या, “दोन ओरखड्यांची एवढी किळस आली तुम्हाला, भाऊसाहेब. आणि ज्या हातांना रोज दोनशे पडतात, त्यांनी वेचलेल्या कापसाचा शर्ट घालून आलात. छी.” नंदूचे वडील निघून गेले. पण नंदूला त्यांनी वर्गातून काढलं नाही, कारण महिनाभरात नंदूचा धा जुळला होता.

त्यानंतरचा धडा सर्वांत अवघड होता. डाव्या हातानं डग्ग्यावर ठेका चालू ठेवायचा आणि उजव्यानं पाटीवर पाढे लिहायचे. ते जमलं की उलट. सुरुवातीला सतराच्या पाढ्यात माझा ठेका बुडायचा, किंवा ठेका धरला की सतरा साते काय ते आठवायचं नाही. हे वर्षभर चाललं. दुसऱ्या वर्षी पाटीवर दोन्ही हातांनी वेगवेगळे शब्द लिहायचे. “दोघांच्या मधली वाट तुडवायची आहे,” मालूताई म्हणत. “रोज गेलं तरच पायवाट पडते. चार दिवस गेला नाहीत की गवत.” त्यांनी मेंदू हा शब्द कधी वापरला नाही. पुढे बी.एड.ला असताना मी वाचलं की मेंदूचे दोन भाग एका जाड पुलानं जोडलेले असतात, आणि लहानपणापासून दोन्ही हातांनी वाद्य वाजवत आलेल्यांत तो पूल अधिक भक्कम झालेला दिसतो. वाचून मी पुस्तक मिटलं होतं. त्याचं कारण आता सांगायला हवं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. तांड्यांवर पांढऱ्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कुठल्याशा घरापुढे साडीचोळी वाटप व्हायचं. एका पुढाऱ्याच्या अशा वाटपाआधी स्वागतगीतासाठी तबला हवा म्हणून माणूस मालूताईंकडे आला होता. “ज्यांच्या घरी सुतक आहे त्यांच्या दारात स्वागतगीत?” असं म्हणून त्यांनी त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चूळ भरायला मोरीवर गेल्या. त्या वर्षांत प्रत्येक आईबापाला एकच वाटे, पोरगं शेतीतून बाहेर निघालं पाहिजे, कसंही. त्या ‘कसंही’वर पुष्कळ लोकांनी आपली दुकानं थाटली.

त्यांतला एक म्हणजे मेंदूवाले सर. टाय लावलेला, अमरावतीकडून आलेला माणूस. भिंतीभिंतीवर त्याची चित्रं लागली, अर्धा मेंदू लाल, अर्धा निळा. मुलांचा अर्धा मेंदू झोपलेला असतो, तो आम्ही चौदा दिवसांत जागा करतो, मग मूल डोळे बांधून वाचतं आणि दोन्ही हातांनी लिहितं. मालूताईंनी ते चित्र वाचून नाक मुरडलं. “चौदा दिवसांत? चौदा दिवसांत माझ्याकडे पोरगं मांडी घालायला शिकतं.”

मी तेव्हा यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी फळ्यावर दोन्ही हातांनी लिहून दाखवलं होतं. ते मेंदूवाल्यांच्या कानावर गेलं. ते मला शोधत आले. म्हणाले, “सर, तुम्ही आमच्याकडे प्रशिक्षक म्हणून या.” राहायला त्यांच्या यवतमाळच्या कार्यालयातली खोली दिली. खोलीचा उपयोग होताच, पण मी विरघळलो तो ‘सर’ या शब्दानं. तोवर मला कुणी सर म्हटलं नव्हतं. आमच्या तांड्यातल्या कुणालाच कुणी म्हटलं नव्हतं.

डोळे बांधून वाचण्याची युक्ती मला पहिल्याच दिवशी कळली. पट्टी गालाच्या हाडावर घट्ट बसते, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मान जरा वर करून डोळे खाली सोडले की मांडीवरचं पान दिसतं. मुलांना वेगळं शिकवावंही लागत नसे. त्यांना फट आपोआप सापडे, आणि आईबाप टाळ्या वाजवताना पाहून ती गप्प बसत. नऊ-दहा वर्षांची मुलं खोटं बोलायला शिकत होती आणि त्यांचे आईबाप भरल्या डोळ्यांनी ते पाहत होते. मी तिथं उभा राहून पट्ट्या बांधत होतो. आजही ती काळी मखमली पट्टी आठवली की हाताला काही चिकटल्यासारखं वाटतं आणि मी हात धुऊन येतो.

मग नेरला कार्यक्रम ठरला. मंगल कार्यालय भरलं होतं. मालूताईंच्या वर्गातल्या मुलांचे आईबापही आले होते, आणि त्यांच्याच आग्रहामुळे तिसऱ्या रांगेत मालूताई बसल्या होत्या. मुलांची पट्टी झाली. शेवटी मला फळ्यापुढे उभं केलं. मी उजव्या हातानं ‘नेर’ आणि डाव्या हातानं ‘यवतमाळ’ एकाच वेळी लिहिलं. टाळ्या झाल्या. मेंदूवाल्यांनी माझ्यापुढे माइक धरला.

“सर, सांगा यांना. हे किती दिवसांत जमलं?”

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मालूताई माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांचा चेहरा साधा होता. मला वाटलं, आता छी येईल. ती आली असती तर कदाचित मी थांबलो असतो.

मी म्हणालो, “चौदा.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्या टाइपरायटरला तेल घालत होत्या. मी दारात उभा राहिलो, त्यांनी आत ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो, खोलीचं, कॉलेजचं. त्या मान वर न करता म्हणाल्या, “दोन्ही हातांनी खोटं लिहिलंस रे. एक तरी हात बाजूला ठेवायचा होतास.” तेलाचा थेंब पुसून त्यांनी पुढचं अक्षर उचललं. मी निघून आलो.

दोन महिन्यांत त्यांच्या मागच्या खोलीतली तेरा मुलं गेली. नंदूसुद्धा गेला. जी पायवाट पडायला वर्ष लागतं ती कोणाला हवी होती? चौदा दिवसांत काम होत होतं, आणि पुरावा म्हणून त्यांच्याच शिष्यानं स्टेजवरून सांगितलं होतं. कॉम्प्युटर आल्यामुळे पुढची खोली आधीच रिकामी होत चालली होती. आता मागची झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मेंदूवाले सर कार्यालयाला कुलूप लावून गेले ते परत आले नाहीत. सर्वांत घाणेरडी गोष्ट त्यानंतर घडली. आपण फसलो असं एकाही बापानं म्हटलं नाही. ते म्हणाले, आमच्या पोराचाच मेंदू कच्चा. नंदूच्या वडिलांनी तर ते नंदूच्या देखत चारचौघांत सांगितलं, “याचा जागाच नाही झाला.” ज्या मुलाचा धा मी स्वतः जुळताना ऐकला होता, तो मुलगा खाली पाहत उभा होता. मीही तिथंच उभा होतो. मी तेव्हाही बोललो नाही.

खोली गेल्यावर माझं कॉलेज सुटायची वेळ आली. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. याडीनं मला न सांगता नेर गाठलं आणि मालूताईंना सांगितलं. त्यांनी मला निरोप पाठवला, कागद घेऊन ये. मी गेलो. त्यांनी माझा अर्ज स्वतः टाइप केला, तीन प्रती, एकही खाडाखोड नाही. मग पिशवी घेतली आणि माझ्याबरोबर यवतमाळला आल्या. समाजकल्याणच्या कार्यालयात बाबू म्हणाला, “मुदत झाली न बाई, आता नाही होत.” मालूताई बाकावर बसल्या. “नाही होत ते लिहून द्या. मी इथं बसते. मला टायपिंग येतं, हवं तर मीच टाइप करून देते, तुम्ही सही करा.” चार वाजता प्रवेश झाला. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, “डाव्या हाताला रोज काम देत जा,” आणि डोळे मिटून घेतले.

मी पदवीधर झालो त्या वर्षी त्यांनी घर सोडलं आणि बहिणीकडे वर्ध्याला राहायला गेल्या. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. वर्ध्याचा पत्ता मला दुसऱ्याच दिवशी मिळाला होता. पत्र लिहायला मला अकरा वर्षं लागली. गेल्या आठवड्यात मी ते पाठवलं. त्याची प्रत इथं देतो.

*

आदरणीय मालूताई,

सा. न.

मी झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या शनिवारी आमच्याकडे पालकसभा झाली. मुलांचा मेंदू जागा करण्याचा वर्ग घेणारे दोघे जण मुख्याध्यापकांकडे आले होते आणि शाळेचा हॉल त्यांना द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. चित्र तेच, लाल आणि निळं.

मी उभा राहिलो. टेबलावरचा रुमाल घेऊन माझे डोळे बांधायला एका पालकाला सांगितलं, आणि मांडीवर ठेवलेला पेपर वाचून दाखवला. मग नाकाजवळची फट दाखवली. ते दोघे निघून गेले. एक आजोबा म्हणाले, “मास्तर, तुमाले हे कसं ठाऊक?” मी सांगितलं की मी त्यांच्यातलाच होतो. मग नेरचं सगळं सांगितलं. दोन्ही हातांनी लिहायला मला एका बाईंनी सात वर्षांत शिकवलं आणि मी माइकवर चौदा दिवस म्हणालो, हेही सांगितलं. आजोबा म्हणाले, “म्हंजे तुमी लबाड होते.” मी हो म्हणालो. मुख्याध्यापक माझ्याशी बोलत नाहीत. ते ठीक आहे.

रविवारी मी नेरला गेलो. त्या तेरांपैकी चौघांचा पत्ता तिथं लागला. तिघांना भेटून सांगितलं की खोट त्यांच्या डोक्यात नव्हती. त्यांतला नंदू कोर्टाबाहेर अर्ज टाइप करायला बसतो. त्याला घरी, वडिलांदेखत सांगितलं. त्याच्या वडिलांनी मला बाहेर जायला सांगितलं. चौथा पुण्याहून दिवाळीला येणार आहे, तेव्हा परत जाईन.

हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. अर्ज टाइप करून घेताना, एस.टी.त, केव्हाही. मी माफी मागतो. तिचं उत्तर तुम्ही द्यावं अशी माझी अपेक्षा नाही.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र हवं आहे. शाळेत तबल्याची एक जुनी जोडी सापडली. सहावीतली एक कोलाम मुलगी मधल्या सुट्टीत येऊन बसते. लय फार चांगली आहे. पण हात लहान आहे. डग्ग्यावर मनगट टेकवलं की तिची बोटं मधल्या काळ्या शाईच्या पलीकडे पोचत नाहीत, शाईवरच पडतात आणि आवाज बसका येतो. मनगट उचललं तर पोचतात, पण पुढे सवय मोडणार नाही अशी भीती वाटते. मला तुम्ही कसं बसवलं होतं ते आठवत नाही, कारण माझा हात तेव्हा मोठा होता.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. नुसती बसवून ठेवली आहे. आधी मनगट टेकवायचं की उचलायचं, एवढं एका ओळीत कळवा. तोवर मी तिला डग्ग्याला हात लावू देत नाही.

तुमचा विद्यार्थी,
सुभाष